सोजरबाईच्या एक्केचाळीस फाइली

पप्पांच्या फाइलींचं काय झालं हे सांगायचं तर आधी पप्पांचा स्वभाव सांगावा लागेल, आणि तो सांगताना मला अजूनही राग येतो. एकतीस वर्षं त्यांनी आकुर्डीच्या एका कंपनीत क्वालिटीत काढली. साहेबराव, म्हणजे पप्पा, येताना दिसले की शॉपवरची माणसं हातातला पीस पुन्हा एकदा पुसून बघायची. पीस गेजच्या मापात बसला नाही तर नाही. सुपरवायझर येऊन "भाऊ, जाऊ द्या ना, डिस्पॅच अडकलाय" म्हणाला, तरी नाही. घरीसुद्धा तेच. पोळी वाकडी झाली तर निमूट खायचे, पण आधी ताटात गोल फिरवून बघायचे. आई होती तोवर म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी नाही, मायक्रोमीटरशी लागलंय."

त्यांचा सगळ्यात लाडका नियम जुन्या ड्रॉइंगचा. एखाद्या पार्टचं सुधारलेलं ड्रॉइंग आलं की जुनं शॉपवर ठेवायचं नाही. गोळा करायचं, फाडायचं, रजिस्टरला सही करायची. कारण जुना कागद कुठे तरी पडून राहिला, तर कोणी तरी त्याच्यावरून काम करणार आणि पाचशे पीस भंगारात जाणार. हा नियम त्यांनी घरातही आणला होता. माझ्या लग्नासाठीचा बायोडाटा दर वर्षी नवा व्हायचा आणि जुन्याच्या सगळ्या प्रती पप्पा नातेवाइकांकडून परत मागून फाडायचे. शेवटी मीच म्हटलं, आता नवा काढायचाच नाही. पण खरं सांगायचं तर मी त्यांचीच मुलगी. माझ्या टेबलावर जुना कागद राहिला तर मलाही चैन पडत नाही.

सोजरबाई म्हणजे पप्पांची आई, माझी आज्जी. धाराशिवकडच्या एका खेड्यातून तीन वर्षांच्या पप्पांना पाठीशी बांधून ती इकडे आली, तेव्हा काळेवाडीत शेतं होती आणि आकुर्डीत कंपन्यांचे पाये खोदत होते. ज्या कंपनीत पप्पा पुढे इन्स्पेक्टर झाले, तिच्या कंपाउंडच्या भिंतीला आज्जीनं घमेली वाहिली होती. ती लिहायला शिकली नाही, पण सांगायला बसली की चहाचं आधण आटून जायचं. पिंपरी-भोसरीत सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी पप्पा तिच्यासमोर वही घेऊन बसायचे आणि ती सांगेल ते, ती सांगेल तसं लिहून घ्यायचे. गाव, नवरा, मुकादम, खोपी, पहिला पगार, धम्माची दीक्षा घेतली तो दिवस. सहा वर्षं हे चाललं. सतरा वह्या झाल्या. मी तेव्हा कॉलेजात होते आणि कानात हेडफोन असायचे. आज्जी गेली त्याला आता अकरा वर्षं झाली, आणि तिनं सांगितलेल्यातलं माझ्या डोक्यात नीट असं काहीच नाही. ह्याची मला लाज वाटते.

पप्पा रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात काळेवाडीतल्या रोहिदासभाऊंच्या डीटीपीच्या दुकानात जाऊन बसले. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, वाढदिवसाची कार्डं छापणारं दहा बाय बाराचं दुकान. रोहिदासभाऊंनी त्यांना मराठी टायपिंग शिकवलं, आपलाच एक जुना कॉम्प्युटर दिला, आणि त्यात आपला फॉन्ट टाकून दिला. तो फॉन्टही त्यांनी हातानं दुरुस्त केलेला, बाजारात कुठे मिळणार नाही असा. पप्पांनी दोन बोटांनी नऊ वर्षं टायपिंग केलं. एक वही झाली की ती तीनदा ताडून बघायची, आणि चुका शून्य झाल्या की वही फाडायची. सतराच्या सतरा वह्या त्यांनी फाडल्या. मी बघत होते. मला ते चुकीचं वाटलं नाही. मी उलट फाटलेले कागद रद्दीच्या पिशवीत भरून दिले.

प्रिंट काढू या म्हटलं तर म्हणायचे, "ड्राफ्टचा प्रिंट काढायचा न्हाई. लोक ड्राफ्टलाच फायनल समजून बसत्यात."

यंदा फेब्रुवारीत त्या कॉम्प्युटरनं आचके द्यायला सुरुवात केली. मी फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर टाकल्या. एक्केचाळीस फाइली, प्रत्येकीत आज्जीचं एकेक प्रकरण. एडिटरमध्ये उघडल्या तर सगळा इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. जुन्या मराठी फॉन्टांचं असंच असायचं. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजीच साठवतोय, फॉन्ट फक्त त्या अक्षरांना मराठी कपडे चढवतो. फॉन्ट काढला की आत इंग्रजीच. युनिकोडमध्ये मात्र मराठीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर असतो, तो फोनवरही तोच आणि परदेशातही तोच. म्हणजे काम एवढंच, की जुन्या फॉन्टातली कोणती खूण म्हणजे मराठीतलं कोणतं अक्षर ह्याचा तक्ता करायचा आणि एडिटरला सांगायचं, हे काढ, ते घाल. मी पप्पांना म्हटलं, "दोन महिन्यांत तुम्हाला तुमचं पुस्तक मोबाइलवर वाचायला देते."

तक्त्याच्या आधी मी फाइली साफ करून घेतल्या. मी चाकणला एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आयटीला आहे. आमच्याकडे छोट्या-छोट्या सप्लायरांच्या याद्या येतात आणि त्यांत नाही-नाही ती चिन्हं असतात. त्यानं सिस्टिम अडकते. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. फोल्डर दाखवलं की तो सगळ्या फाइली साफ करून, जुन्याच्या जागीच, नव्या पद्धतीनं सेव्ह करतो. कंपनीत सगळे त्याला 'मिनलचा झाडू' म्हणतात. तो झाडू मी पप्पांच्या फोल्डरवर फिरवला. चार सेकंदांत पाटी आली, एक्केचाळीस फाइली, चुका शून्य. फाइली उघडून बघितल्या, आधीही चिवडा होता, आताही चिवडाच. पेन ड्राइव्हवरच्या जुन्या फाइली काढून टाकल्या आणि नव्या ठेवल्या.

"आता जुनी डिस्क?" मी विचारलं.

"नवं आलं ना? मग जुनं ठिवायचं न्हाई," पप्पा म्हणाले.

त्यांनी स्वतः कॉम्प्युटर उघडून हार्ड डिस्क काढली. दाराच्या पायरीवर मी ती पक्कडीनं धरली आणि त्यांनी हातोड्यानं ठोकली. आतली चकती वाकली तेव्हा ते समाधानानं म्हणाले, "झालं क्लोज." आम्ही दोघांनी मग आलं घालून चहा घेतला. त्या दिवशी आमचं फार छान जमलं होतं, हे मला सारखं आठवतं.

मार्च ते मे ऑफिसच्या कामात गेले, तक्ता राहूनच गेला, आणि जूनमध्ये पप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दोन आठवडे हॉस्पिटलात काढून घरी आलो तेव्हा त्यांच्याकडे एक डावा हात, 'हां' हा एक शब्द आणि मानेचं हो-नाही एवढंच उरलं होतं. समजत मात्र सगळं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा झटका कधीही येऊ शकतो. शेजारच्या इंदुताई दिवसभर त्यांच्याजवळ बसायच्या. मी चाकणहून सहापर्यंत यायची. मी दारात दिसले की पप्पा डावा हात उचलून लॅपटॉपच्या बॅगेकडे बोट करायचे. पाणी नको, चहा नको, बॅग. त्यांना आपल्या आईचं बोलणं ऐकायचं होतं, तिच्याच शब्दांत, आणि ते आता त्या एक्केचाळीस फाइलींतच होतं. माणसाला शेवटी किती कमी लागतं. आणि तेवढंही देणं माझ्या हातात होतं असं मी धरून चालले होते.

रोहिदासभाऊंचा फॉन्ट जुन्या डिस्कबरोबरच गेला होता, आणि त्यांचं दुकानही तोवर बंद झालं होतं. तिथे मोमोजची गाडी लागायची आणि भाऊ कुठे गेले ते कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा तक्ता मीच अंदाजानं करायला घेतला. पहिल्या फाइलीत पहिलं नाव आज्जीचंच असणार हे उघड होतं. पाच खुणा मिळाल्या आणि त्यांतून स, काना, मात्रा, ज, र. त्यांच्या आधारानं पुढची. एडिटरमध्ये मी एकेक खूण बदलत गेले आणि चिवड्यातून मराठी वर यायला लागलं. ऱ्हस्व वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी टाइप व्हायची, ती उचलून मागे ठेवली. 'सोजर' दिसलं. 'घमेलं'मधलं 'घमे' दिसलं. मी स्क्रीन पप्पांपुढे धरली तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते चारदा म्हणाले, "हां, हां, हां, हां." माझा जीव भांड्यात पडला. इंदुताईंना मी त्या दिवशी वडापाव खायला घातले.

अडलं ते प्रश्नचिन्हावर. फाइलीत सगळ्यांत जास्त खूण होती ती प्रश्नचिन्हाची, जवळजवळ प्रत्येक शब्दात. मी धरलं, ह्या फॉन्टात प्रश्नचिन्हाच्या जागी एखादं नेहमी लागणारं अक्षर बसवलं असणार. आधी त ठरवला. वाचून दाखवलं. पप्पांनी मान हलवली, नाही. मग ल. नाही. मग दीर्घ वेलांटी. नाही. एका शब्दात ह चपखल बसायचा आणि शेजारच्याच शब्दात ह घातला की हसू यायचं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी रोज एक नवं अक्षर घेऊन त्यांच्यासमोर बसायची आणि ते रोज मान हलवायचे. क्वालिटीवाल्यांची मान. अर्धंमुर्धं बसलं तरी चालेल असं त्या मानेला माहीतच नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी माझा तोल गेला. त्या दिवशी चाकणच्या चौकात बस दीड तास अडकली होती, हे काही कारण नाही. ते मान हलवत होते आणि मी ओरडले, "एकच बटण वेगवेगळ्या अक्षरांना दाबलंय तुम्ही, पप्पा. नऊ वर्षं चुकीचं टाइप केलंय आणि आता मान काय हलवताय?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल असं त्यांना कोणी बोललं नव्हतं. मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पाय धरून माफी मागितली, त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बॅगेकडे बोट केलं. माफी वगैरे ठीक होतं, काम पुढे न्यायचं होतं.

सप्टेंबर संपताना एका लग्नपत्रिकेवरून रोहिदासभाऊंचा नंबर मिळाला. भाऊ आता चिंचवडमध्ये मुलाबरोबर फ्लेक्स छापत होते. मी रजा टाकून लॅपटॉप घेऊन गेले. वाढदिवसाचा एक भला मोठा फ्लेक्स मशिनीतून बाहेर येत होता, त्याच्या बाजूला स्टूल टाकून भाऊंनी मला बसवलं. साहेबरावांना झटका आला हे ऐकून त्यांना वाईट वाटलं. "लई शिस्तीचा माणूस," ते म्हणाले. "माझ्या पत्रिकेतल्या चुका काढायचा फुकटात. गिऱ्हाईक माझ्याआधी त्यांना दाखवायचं."

कपाटातून त्यांनी लॅमिनेशन केलेला कीबोर्डचा जुना तक्ता काढला. कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर उमटतं ते त्यांच्याच हातानं लिहिलेलं होतं. मी आधी प्रश्नचिन्ह शोधलं. तिथे प्रश्नचिन्हच होतं.

"भाऊ, ह्याचं काय अक्षर?"

"त्याचं काही न्हाई, ताई. प्रश्नचिन्हाच्या जागी प्रश्नचिन्हच ठेवलंय मी. त्याला कशाला हात लावू?" मग त्यांनी चष्मा चढवून माझी स्क्रीन बघितली. "पर हे एवढे प्रश्न कुठनं आले? क कुठंय? त कुठंय? आपल्या फॉन्टातली निम्मी अक्षरं तर वरच्या घरात हायेत, इंग्रजीत नसलेल्या खुणांत. त्यातली एकपण दिसत न्हाई हितं."

 मी तिथेच, त्या स्टुलावर, 'मिनलचा झाडू' उघडला. तीन वर्षांपूर्वी लिहिलेला, नंतर एकदाही न वाचलेला. चौदाव्या ओळीवर ते होतं, माझ्याच हातचं. इंग्रजीत नसलेली कोणतीही खूण सापडली की काढून टाक आणि तिच्या जागी प्रश्नचिन्ह घाल. सप्लायरांच्या यादीत अशा खुणा म्हणजे कचरा. पप्पांच्या फाइलीत ती मराठीची निम्मी बाराखडी होती. सव्वा लाख प्रश्नचिन्हं, आणि प्रत्येक दुसऱ्यासारखं. त्यांच्या मागे पूर्वी काय होतं ते जगातला कोणताही तक्ता आता सांगू शकणार नव्हता. पप्पांनी एकही बटण चुकीचं दाबलं नव्हतं. आणि त्यांनी दोन-अडीच महिने रोज मला मानेनं तेच सांगितलं होतं.

"भाऊ, तुमच्याकडे एखादी कॉपी? जुन्या कॉम्प्युटरवर? कुठेही?"

भाऊंनी चष्मा काढला. "एक सीडी होती. पाच-सहा वर्सांमागं दिली होती त्यांनी, सांभाळून ठेवा म्हणून. मग एक दिवस आले आन् म्हनाले, करेक्शन झाल्यात, ती सीडी आता जुनी झाली. परत घेतली." त्यांनी दोन्ही हातांनी मोडून दाखवलं. "हितंच मोडली, माझ्यासमोर. चार तुकडे केले आन् मोजून खिशात घातले."

मी हसले. खरंच हसले, मशिनीवरचा मुलगा वळून बघायला लागला इतकं. मग रडायला लागले तेव्हा भाऊंनी मशिन बंद केलं.

पप्पांना सांगितलं नाही. कसं सांगणार? तुमचं काम शंभर टक्के बरोबर होतं आणि ते मी चार सेकंदांत पुसलं, असं? घरी येऊन म्हटलं, भाऊंचा तक्ता मिळाला, आता पटापट होईल. पप्पांचा चेहरा उजळला. त्या चेहऱ्याकडे बघताना मला स्वतःचा इतका तिटकारा आला की मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पुढचे तीन आठवडे मी फटी भरल्या. 'मु?ादम' म्हणजे मुकादम, हे कोणीही सांगेल. पण आज्जी पुस्तकातलं बोलायचीच नाही. तिच्या गावच्या शिवाराची नावं, बायकांची नावं, भाकरीच्या प्रकारांची नावं, शिव्या, सगळं तिचं स्वतःचं होतं. तिथे अंदाज चालत नव्हता. ऑफिसातल्या रणजीतनं एका एआयला काम लावलं. त्यानं सगळ्या फटी मिनिटात भरून दिल्या, आणि वाचलं तर आज्जी चक्क पाठ्यपुस्तकासारखी बोलत होती. मी ते सगळं डिलीट केलं.

आणि अठराव्या फाइलीत ती ओळ लागली. भिंतीचं प्रकरण. आजूबाजूचं बरंचसं जुळलं होतं. भिंत कमरेएवढी आली होती, मुकादम जेवायला गेला होता, आज्जी एकटी होती. मग लिहिलं होतं, 'त्या भिंतीत मी माझ? ???? ठेव??, कुणाला कळू दिलं नाही.' पुढे अर्धं पान तिनं रडण्याबद्दल सांगितलं होतं.

काय ठेवलं? खुणा मोजूनही उपयोग नव्हता, कारण त्या फॉन्टात एका अक्षराला कधी एक खूण लागे, कधी दोन. काना उरला असता तो तिथे नव्हता, म्हणून बाळ नव्हे, नाव नव्हे; पण 'ले' आणि 'लु' ह्यांना भाऊंच्या तक्त्यात मात्रा-उकारासकट एकच खूण होती, आणि तीही वरच्या घरातली. कडं असू शकेल, दारुड्या नवऱ्यापासून लपवलेलं. लुगडं असू शकेल. लेक असू शकेल. माझ्या आज्जीला पप्पांच्या पाठीवर एक मुलगी झाली होती असं कोणी तरी कधी तरी बोललेलं मला पुसट आठवतं, पण ती कशी गेली, कुठे गेली, कोणी विचारलं नाही. मी तर नाहीच. रोज बस त्या भिंतीवरून जाते. आता मी त्या बाजूच्या खिडकीत बसत नाही.

हे एक उत्तर जगात फक्त पप्पांकडे होतं. त्यांनी ते वहीत लिहिलं होतं, टाइप केलं होतं, तीनदा ताडलं होतं. बोलता येत नसलं तरी मान हलवता येत होती. तीन शब्द विचारायचे, एकावर हो मिळालं की झालं. बाकी चाळीस फाइली गेल्या तरी आज्जीचं एवढं एक वाक्य तरी तिच्या शब्दांत वाचेल, असं मी स्वतःला सांगत होते. पण विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं. मी दिवस ढकलत राहिले. दसरा झाला, धम्मचक्र प्रवर्तनाच्या दिवशी इंदुताईंनी खीर आणली, मी उद्या विचारू म्हटलं.

त्यानंतर चार दिवसांनी पप्पांना दुसरा झटका आला. छोटा आहे, डॉक्टर म्हणाले. पाच दिवसांत घरी सोडलं. कितपत समजतंय ते सांगता येणार नाही, पण तुम्ही बोलत राहा, असंही म्हणाले.

पुढच्या गुरुवारी मी सुट्टी घेतली. आमच्या चाकणला सुट्टी गुरुवारची नसते, पण मला गुरुवारच हवा होता. दुपारी पप्पांना उशीला टेकवून बसवलं, केस विंचरले, लॅपटॉप मांडीवर घेतला. त्यांनी आपणहून बॅगेकडे बोट केलं होतं, म्हणून मला हुरूप आला होता.

"पप्पा, माझ्या हातून फाइली खराब झाल्यात," मी म्हटलं. "निम्मी अक्षरं गेली. तुमची काही चूक नाही. तुम्ही बरोबर टाइप केलं होतं. माझी चूक आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. मला वाटलं, माफ केलं. मी अठरावी फाइल उघडली आणि भिंतीचं प्रकरण वाचायला लागले. कमरेएवढी भिंत, जेवायला गेलेला मुकादम. पप्पांचे डोळे माझ्या ओठांवर होते. त्या ओळीपाशी मी थांबले.

"आज्जीनं भिंतीत काय ठेवलं, पप्पा? कडं होतं का?"

पप्पांनी मान हलवली, वरून खाली. हो.

मला काय झालं ते सांगता येणार नाही. मी त्यांचा हात धरून रडले. मग एडिटरमध्ये त्या चार प्रश्नचिन्हांवर कर्सर ठेवून 'कडं' टाइप केलं, 'माझं' पुरं केलं, 'ठेवलं' पुरं केलं. सबंध वाक्य. तीन महिन्यांतलं पहिलं खरं वाक्य. ते मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्यांनी पुन्हा मान हलवली. सेव्ह करायला बोट गेलं आणि तिथेच थांबलं. तीनदा ताडल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"पप्पा, लुगडं नव्हतं ना?"

त्यांनी मान हलवली. हो.

"लुगडं होतं?"

हो.

 तिसरा शब्द उरला होता, तोही विचारला. "लेक होती का, पप्पा? तुमच्या पाठची?"

हो. त्याच शांत चेहऱ्यानं, तेवढीच मान, तितकीच खाली.

बाहेर इंदुताई कुणाशी तरी पाण्याच्या टँकरवरून बोलत होत्या. मी लॅपटॉप बाजूला ठेवला आणि त्यांच्या अगदी समोर बसले.

"पप्पा, तुमच्या आईचं नाव गयाबाई होतं ना?"

पप्पांनी मान हलवली, हो. ते हसलेसुद्धा, अर्ध्या तोंडानं. मग डावा हात उचलून त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं, पुढे वाच म्हणून. मी तो परत मांडीवर घेतला आणि जिथे प्रश्नचिन्ह येईल तिथे सुचेल ते घालत वाचत राहिले.